लेडीज रूममधला डबा

मी नंदुरबारातच राहते. कॉलेजच्या फाटकावरून माझी रिक्षा आठवड्यातून दोन-तीनदा तरी जाते. तरीसुद्धा पदवी घेऊन बाहेर पडल्यापासून मी आत पाऊल टाकलं नव्हतं. आत जायला काहीतरी काम लागतं. माझी दोन्ही मुलं दुसरीकडे शिकली, नात्यातलं कोणी तिथे नोकरीला नाही, आणि नुसतं बघायचं म्हणून बाईमाणसाने कुठे जावं हे आमच्या घरात कोणाला पटलं नसतं. आता घरात न पटणारंही कोणी उरलेलं नाही. आमचे हे गेले, मुलगा पुण्याला, मुलगी सुरतला. नातवंडं फोनवर अर्धं हिंदी, अर्धं गुजराती बोलतात. आमच्या ह्यांच्याशी मी जन्मभर अहिराणी बोलले. ते गेल्यावर ती बोलायला घरात माणूस नाही. दिवसभरात कधीकधी गॅसवाला येतो, त्याच्याशी चार शब्द होतात. बाकी फ्रिजचा आवाज.

दिवाळीला मुलगी आली तेव्हा तिने माझा नंबर कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपात घालायला लावला. "आई, भिंतींशी बोलण्यापेक्षा माणसांशी बोल," म्हणाली. माणसं म्हणजे सकाळी गुलाबाची फुलं आणि सुविचार पाठवणारी. पण थोड्याच दिवसांत त्यात एक बातमी आली. कॉलेजची काळ्या दगडाची जुनी इमारत आता पाडणार, तिथे मोठी इमारत उभी राहणार. त्याआधी सगळ्यांनी एकदा जमायचं. झालं, ग्रुपाला ऊत आला. कोणाला कँटीनचा चहा आठवला, कोणाला सायकल स्टँड, कोणाला मागचं मैदान, कोणाला गच्चीवर चोरून ओढलेल्या विड्या. मी वाचत बसायची. त्यातली एकही जागा मी पाहिलेली नव्हती. ही मंडळी दुसऱ्याच कुठल्या कॉलेजात शिकली की काय असं वाटायचं.

याचं कारण आजच्या मुलींना सांगितलं तर त्या हसतील. आमच्या वेळी मुलींनी आवारात उभं राहायचं नसे. असा काही लिहिलेला नियम नव्हता, पण सगळ्या पाळायच्या. बसमधून उतरायचं, तडक लेडीज रूममध्ये शिरायचं. खोलीत दोन बाकडी, एक आरसा, कोपऱ्यात माठ. घंटा झाली की दाराशी रांगेत उभं राहायचं. स्टाफ रूममधून सर हजेरीपट घेऊन निघाले आणि आमच्या दारावरून पुढे गेले की त्यांच्या मागे मागे, मान खाली घालून वर्गात जायचं, पुढच्या बाकांवर बसायचं. तास संपला की सर निघायचे आणि आम्ही पुन्हा त्यांच्या मागे. मुलं तोवर जागची हलायची नाहीत. सर रजेवर असले की मुलं कँटीनला, आम्ही लेडीज रूममध्ये. तीन वर्षं मी ज्याला कॉलेज म्हणत होते, ते म्हणजे ती खोली, तो व्हरांडा आणि सरांची पाठ. तेव्हा आमचा जिल्हा धुळे होता, आणि कॉलेजात मुली इतक्या कमी की एकमेकींना गावाच्या नावानेच हाक मारायच्या. मी रनाळेवाली. एक कोरीटवाली होती. आणि एक धडगाववाली.

धडगाववाली सातपुड्यातली. तिच्या घरी पावरी बोलायचे. माझ्या घरी अहिराणी. मराठी आम्हा दोघींना शाळेच्या पुस्तकातून आलेली, त्यामुळे पहिल्या दिवशी आमचं बोलणं धड्यातल्यासारखं झालं. मी माठाजवळ उभी होते. म्हणाले, "आपण पाणी घेणार का?" ती म्हणाली, "होय, मी पाणी घेईन." मग तिलाच हसू आलं, आणि तिचं हसू म्हणजे खोलीच्या बाहेर ऐकू जाणारं. बाकीच्या मुली चपापल्या. मला तेव्हाच ती आवडली.

ती होस्टेलला राहायची आणि आमचा तो न लिहिलेला नियम तिने कधी मनावर घेतला नाही. तास नसला की मैदानातून तिरपी चालत होस्टेलला जायची. जिन्यावरून गच्चीवर जायची. हिवाळ्यात हवा स्वच्छ असली की गच्चीवरून सातपुड्याची रेघ दिसते, असं ती सांगायची. "एकदा चल ना माझ्याबरोबर. आमचा डोंगर दाखवते." मी कधी गेले नाही. जिन्यावर मुलं बसलेली असायची, आणि रनाळ्याच्या कोणी पाहिलं तर दुसऱ्या दिवसापासून माझी बस बंद. पण दुपारचा डबा ती माझ्याबरोबर लेडीज रूममध्येच खायची. होस्टेलचं जेवण ती ताटात तसंच ठेवून यायची.

डब्यात कळण्याची भाकरी असायची. ज्वारीत उडीद घालून दळलेलं पीठ, वर तेल घातलेला ठेचा, एक कांदा. ती भाकरी मीच करायची. वडिलांनी कॉलेजला हो म्हटलं तेव्हा आईने तिची अट घातली होती: "भाकरी करीसन जा, मंग कालेजमा जाय." त्यामुळे पहाटे उठून घरादाराच्या भाकरी थापून मी बसला धावायची. धडगाववाली दोनच महिन्यांत अहिराणी शिकली आणि त्यात पहिलं वाक्य हेच शिकली, "तुन्हा डबामा काय शे?" रोज तेच असायचं, तरी रोज विचारायची.

आणि खाऊन झाल्यावर डबा मला कधी रिकामा दिला नाही. शेजारणीचं भांडं रिकामं परत करू नये हे आमच्याकडेही आहे, पण ते साखरेच्या चिमटीवर भागतं. तिने ते अंगालाच लावून घेतलं होतं. घरून आणलेला आमचूर, म्हणजे कैरीच्या उन्हात वाळवलेल्या फोडी, ती कागदात गुंडाळून डब्यात ठेवायची. अर्थशास्त्राच्या तासाला पुढच्या बाकावर बसून आम्ही दोघी एकेक फोड गालात धरायचो. आंबटाने डोळे मिटायचे. सरांना वाटायचं मुली विचार करतायत.

शेवटचा पेपर झाला, तिचे वडील तिला न्यायला आले. माझं पुढच्या वर्षी लग्न झालं. पत्रं लिहायचं ठरलं होतं, दोघींपैकी कोणी लिहिलं नाही. ती तिकडे तहसील कचेरीत लागल्याचं उडत उडत कानावर आलं होतं. मला तिच्यानंतर मैत्रीण अशी झाली नाही. शेजारणी झाल्या, जावा झाल्या, भिशीतल्या बायका झाल्या. मैत्रीण झाली नाही.

ग्रुपावर कोणीतरी लिहिलं, धडगावच्या चार-पाच जणी जीप करून येणार आहेत. तिचा नंबरही तिथे होता. मी तिला काही लिहिलं नाही. समोर उभं राहायचं आणि तिने ओळखायचं, एवढंच माझ्या मनात होतं. इमारत पडली काय, राहिली काय, मला त्याचं खरंच काही नव्हतं. मी तिच्यासाठी निघाले होते. आदल्या दिवशी गिरणीवर जाऊन कळणा दळून आणला. सकाळी भाकरी थापल्या. एकटीसाठी कोण भाकरी थापतं, मी तर हल्ली पोळीसुद्धा दोन दिवसांची करून ठेवते, त्यामुळे पहिली भाकरी मोडली. दुसरी टम्म फुगली. स्टीलच्या डब्यात ठेचा घालून तो पिशवीत ठेवला.

फाटकाला आता कमान आहे. आत पेव्हर ब्लॉक, गाड्यांची रांग, काचेची तीन मजली इमारत आणि तिच्या आडोशाला आमची काळी इमारत, जुन्या नोकरासारखी बाजूला सरून उभी. एका तरुण मॅडमने आम्हाला सगळं फिरवून दाखवलं. पुरुष मंडळी हात करून सांगत होती, इथे कँटीन होतं, इथे कडुनिंब होता, इथे आपण मार खाल्ला. मला दाखवायला काहीच नव्हतं. काळ्या इमारतीच्या व्हरांड्यात पाय टाकला आणि मात्र मी थांबले. शहाबादी फरशी तीच होती. एका फरशीला कोपऱ्यातून चीर गेलेली, पुढच्या फरशीत खोलगट डाग. रोज मान खाली घालून चालल्यामुळे भिंती मला ओळखू येत नव्हत्या, फरशी मात्र तळहातासारखी पाठ होती. चिरेपासून मोजत गेले तर लेडीज रूमचं दार कुठे हेही समजलं. तिथे आता दार नाही. ती खोली प्राचार्यांच्या केबिनला जोडून घेतलेलं स्वच्छतागृह आहे. मॅडम म्हणाल्या, "मॅम, आत वेस्टर्न आहे, वापरायचं असेल तर." मी नको म्हटलं.

कार्यक्रमाच्या हॉलपाशी एक गंमत झाली. खुर्च्या मांडलेल्या, पुरुष केव्हाच जाऊन बसलेले, आणि आम्ही सगळ्या पन्नाशी ओलांडलेल्या बायका दाराबाहेर घोळक्याने उभ्या. कशासाठी उभ्या आहोत हे कोणी कोणाला विचारलं नाही. तेवढ्यात अर्थशास्त्राचे सर काठी टेकत आले. फार थकलेत. ते दारातून आत गेले आणि आम्ही एकीमागे एक त्यांच्या मागून आत गेलो, पुढच्या खुर्च्यांवर जाऊन बसलो. बसल्यावर कोरीटवालीला काय झालं ते लक्षात आलं आणि ती तोंडाला पदर लावून हसायला लागली. मग सगळ्याच. सरांना काही कळलं नाही, पण तेही हसले.

मागून एक हसू आलं, खोलीच्या बाहेर ऐकू जाणारं. मी वळून पाहिलं. ती शेवटच्या रांगेत पुरुषांच्या मध्येच बसली होती. केस पांढरे, अंगाने आडवी झालेली, पण तीच. तिला सरांची वाट बघायची गरज तेव्हाही नव्हती. माझा हात पिशवीतल्या डब्याकडे गेला.

माइक फिरत होता. माझ्यापर्यंत आल्यावर सूत्रसंचालकाने विचारलं, "मॅडम, तुमची एखादी आठवण?" मी म्हणाले, "मी लेडीज रूममध्ये असायचे." सगळे हसले, टाळ्या वाजल्या, माइक पुढे गेला. तिच्याकडे आला तेव्हा ती उभी राहिली आणि पुष्कळ वेळ बोलली. होस्टेलच्या खिडकीतून पळून पाहिलेला सिनेमा, मैदानातल्या बोरी, कँटीनवाल्याशी झालेलं भांडण, गच्ची. स्वच्छ, कचेरीतलं मराठी बोलत होती. पोरं हसत होती, म्हणजे साठीला आलेले पुरुष. मी ऐकत होते. इतकं सगळं तिच्याकडे होतं हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं, तिचंही कॉलेज म्हणजे माझ्यासारखं, दुपारचा तो डबा.

जेवायच्या सुटीत मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हणाले, "वळखं का माले?"

तिने चष्मा वर केला. नीट पाहिलं. कचेरीत रोज शेकडो माणसं पाहणाऱ्या बाईचं, कोणाला दुखवायचं नाही असं हसू तिच्या तोंडावर आलं. "हो, चेहरा ओळखीचा वाटतोय. कुठल्या तुम्ही?"

"रनाळ्याची."

"अच्छा, रनाळे," म्हणाली आणि माझा हात दोन्ही हातांत घेतला. हात ऊबदार होता. "बसमधल्या ना तुम्ही? या, या, बसा आमच्यात." मला तिचा राग नाही आला. राग आला असता तर बरं झालं असतं. नुसतं आतून रिकामं वाटलं.

बायकांनी खुर्च्या गोल केल्या होत्या. जेवण केटररचं, पनीर आणि गुलाबजाम, पण बायकांचं केटररवर कधी भागतं का. मधल्या टेबलावर पिशव्या उघडल्या गेल्या. कोणाचा चिवडा, कोणाचे तिळाचे लाडू, कोणाचं लोणचं. मीही माझा डबा त्यात सरकवला. आणला होता तो परत काय न्यायचा. झाकण कोणीतरी काढलं.

धडगाववालीने भाकरी पाहिली आणि ताट बाजूला ठेवलं. एक तुकडा मोडला, ठेच्याला लावला, तोंडात घातला आणि डोळे मिटून घेतले. मग डाव्या हाताने तिने शेजारच्या कोरीटवालीच्या पाठीत धपाटा घातला. "मला माहीत होतं, तू आणणारच. हिच्या डब्यातली ही भाकरी खाऊन मी कॉलेज काढलं गं, नाहीतर होस्टेलच्या आमटीने मेले असते. बघा, हात अजून तोच आहे हिचा. जराही फरक नाही."

कोरीटवालीचं आणि तिचं गेली काही वर्षं फोनवर बोलणं आहे, हे मला ग्रुपावरून माहीत होतं. रोजची फुलं त्या एकमेकींना पाठवतात. आठवण जुनी होती, त्या आठवणीचा चेहरा धडगाववालीला सापडत नव्हता, जवळचा होता तो तिने लावला. कोरीटवालीही त्याच बाकड्यांवर डबा खायची, तीही भाकरीच आणायची. ती थोडी गोंधळली. तिने एकदा सगळ्यांकडे पाहिलं, डबा कोणाचा ते कोणी सांगतंय का म्हणून. मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. कोणीच काही बोललं नाही, तेव्हा तीही हसली.

एका वाक्याचं काम होतं. डबा माझा आहे, एवढंच. पण ते वाक्य माझ्या घशातून वर येईना. मागून घेतलेली ओळख मला नको होती. पहाटेपासून मी त्याच एका गोष्टीसाठी जीव टाकून बसले होते आणि ती माझ्या डोळ्यांदेखत दुसरीच्या पदरात पडत होती. आणि खरं सांगायचं तर मला कोरीटवालीचा भयंकर राग आला. बिचारीने काय केलं होतं? धपाटा खाल्ला होता.

धडगाववालीने दोन भाकरी खाल्ल्या. बाकीच्यांनी तुकडा तुकडा घेऊन उरलेली संपवली.

घाट अंधारायच्या आत ओलांडायचा म्हणून त्यांची जीप लवकर निघाली. सर अजून मंचावर बसलेले होते, आणि सर उठल्याशिवाय कसं उठायचं म्हणून आम्ही बायका आपल्या खुर्च्यांवर बसून. खिडकीतून मला ती दिसली. पूर्वी मैदान होतं तिथून, आता गाड्या लावतात त्या गाड्यांच्या मधून, तिरपी चालत ती फाटकाकडे गेली. मागे वळली नाही. वळायचं काही कारण नव्हतं. मग सर उठले, आम्ही त्यांच्या मागून बाहेर आलो. टेबलावर माझा डबा झाकण लावून ठेवलेला होता. तो मी पिशवीत टाकला आणि रिक्षा केली.

घरी आले तेव्हा दिवेलागण व्हायची होती. साडी बदलली. डबा घासायला म्हणून सिंकपाशी नेऊन उघडला. आत केटररचा कागदी रुमाल होता, घडी घातलेला. घडीत आमचूर होता. मूठभर फोडी, काळपट, नीट निवडलेल्या.

मी तशीच ओट्याला टेकून उभी राहिले. एवढ्या लांबून येताना तिने तो पर्समध्ये घालून आणला होता. बाकी कोणाला दिलेला मी पाहिला नाही, म्हणजे तो त्या डब्यासाठीच होता. सकाळी मी इथे भाकरी थापत होते तेव्हा ती तिथे फोडी निवडत असणार. माझं नाव, माझं गाव, माझं तोंड तिच्याकडून केव्हाच सांडून गेलं होतं, पण डबा रिकामा द्यायचा नाही हे नव्हतं सांडलं. तीही मलाच भेटायला आली होती. आणि भेटून आनंदाने परत गेली होती, फक्त मी तिथे नव्हते.

एक फोड गालात धरली. डोळे मिटले.

मग फोन घेतला, ग्रुपातून तिचा नंबर काढला. हॉलमध्ये घशात अडकलेलं वाक्य बोटांतून लगेच उतरलं. आमचूर पोचल्याची पावतीही त्यातच दिली, पण मराठीत नाही. लिहिलं, "आमचूर पोचना. भाकरी मन्ही व्हती. रनाळेवाली."

एकच टिक आली. जीप अजून घाटात असणार, घाटात रेंज नसते. मी फोन ओट्यावर उताणा ठेवला आणि डबा घासायला घेतला.